‘ठेवायचं कुणाकडे?’ या प्रश्नाच्या आधी

म्हाताऱ्या आईवडिलांबद्दल बोलताना आपण एक क्रियापद फार सहज वापरतो. ‘वडिलांना कुणाकडे ठेवलंय?’ ‘आईला आता कुठे ठेवायचं?’ बाबांना पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, झाल्याचं कळलं त्यानंतरच्या पंधरवड्यात निदान सहा जणांनी मला हा प्रश्न विचारला, आणि सगळ्यांनी मायेनंच विचारला. तेव्हा बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं बसल्या बसल्या थरथरत होती, चालताना तो हात हलायचा थांबला होता आणि अक्षर बारीक झालं होतं. एवढंच. बाकी ते आपली अंघोळ आपण करत होते, हिशेब लिहीत होते, पेपर वाचून माझ्याशी वाद घालत होते. त्या सहा जणांपैकी एकानंही ‘त्यांना स्वतःला काय हवंय?’ असं विचारलं नाही. तोवर मीही विचारलं नव्हतं.

या विषयावरचा सार्वजनिक वादही त्याच चाकोरीतून फिरत राहतो. एकीकडे कर्तव्याची भाषा: ज्यांनी बोट धरून चालायला शिकवलं त्यांचं बोट आता धरणं हा मुलांचा धर्म, पगारी माणूस नेमणं किंवा संस्थेची वाट धरणं म्हणजे जबाबदारी झटकणं. दुसरीकडे व्यवहाराची भाषा: नोकऱ्या आहेत, अंतरं आहेत, शिकलेली माणसं घरच्यांपेक्षा चांगली शुश्रूषा करतात, उगाच मुलांच्या डोक्यावर अपराधाचं ओझं नको. दोन्ही बाजू हिरिरीनं भांडतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पण त्यांची वाक्यं व्याकरणाच्या अंगानं तपासून पाहा. कर्ता कोण? मुलगा, सून, लेक, नर्स, संस्था, सरकार. आई आणि वडील मात्र प्रत्येक वाक्यात कर्म. त्यांना सांभाळायचं, त्यांना ठेवायचं, त्यांना पाठवायचं. इतक्या मोठ्या वादात ज्यांच्याबद्दल वाद चाललाय त्यांच्या तोंडी एकही वाक्य नसावं?

माझं म्हणणं असं आहे. पार्किन्सन्सच्या पहिल्या काही वर्षांत ‘कोण सांभाळणार?’ हा मुख्य प्रश्नच नसतो. ‘कोण ठरवणार?’ हा असतो, आणि त्याचं उत्तर ज्याला आजार झालाय तो, असंच असायला हवं. ज्या घरांत माया आहे, तिथे या काळात रुग्णाचं जे नुकसान होतं ते बहुतेक वेळा दुर्लक्षानं होत नाही. ते अतिकाळजीनं होतं.

हा आजार माणसाला एका रात्रीत आडवा करत नाही. मेंदूत खोलवर सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा असतो. तिथल्या डोपामिन हे हालचालींना लागणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं हळूहळू मरत जातात, आणि हात थरथरायला लागेपर्यंत त्यांतल्या बऱ्याच गेलेल्या असतात. वास येईनासा होणं, बद्धकोष्ठ, झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणं, अकारण उदासी ही लक्षणं कित्येकदा कंपाच्या काही वर्षं आधीपासून असतात. म्हणजे निदानाच्या दिवशी आपल्याला जो नवा रुग्ण दिसतो, तो माणूस त्या आजारासकट आधीच काही वर्षं जगलेला असतो, कामं करत, संसार ओढत. डॉक्टरांनी कागदावर नाव लिहिलं म्हणून त्याच्या मेंदूत आदल्या दिवसापेक्षा काही वेगळं घडलेलं नसतं. बदलतात ते घरातले.

आमच्या घरात काय बदललं ते शर्टाच्या बटणांवरून सांगता येईल. बाबांना वरचं बटण काजात घालायला वेळ लागायचा. बोटं काजाच्या कडेशी यायची, थांबायची, पुन्हा यायची. सात बटणांना चार-पाच मिनिटं. मी शेजारी उभा राहून पाहायचो आणि मला ते पाहवायचं नाही. एके दिवशी पुढे झालो आणि अर्ध्या मिनिटात सगळी बटणं लावून दिली. दुसऱ्या दिवशीही लावली. तीन महिन्यांनी एका सकाळी खोलीत गेलो तर बाबा शर्ट अंगात घालून, दोन्ही हात खाली सोडून, हनुवटी जरा वर करून उभे होते. माझी वाट पाहत. त्याच आठवड्यातल्या तपासणीत डॉक्टरांनी बोटांची गती पाहिली तर ती जवळपास पहिल्याइतकीच होती. हात तेच होते, पण बटणं लावणं हे आपलं काम आहे हे बाबा विसरले होते, आणि ते मी विसरायला लावलं होतं. पुढे ऑक्युपेशनल थेरपिस्टनं साधे उपाय सांगितले: बसून लावा, खालच्या बटणापासून सुरुवात करा, सकाळची गोळी घेतल्यावर पाऊण तासानं लावा, गरज पडली तर बटण ओढून घ्यायचा आकडा वापरा. काम त्यांच्याकडे परत जायला दोन महिने लागले. काढून घ्यायला एक सकाळ पुरली होती.

मायेपोटी माणूस अधू होतो, हे वैद्यकाच्या इतिहासात पूर्वीही घडलं आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला चार ते सहा आठवडे अंथरुणावर सक्तीनं निजवून ठेवत. कुशीवर वळू द्यायचं नाही, घास दुसऱ्यानं भरवायचा. हृदयाला विश्रांती मिळाली पाहिजे, ही त्यामागची कळकळ. १९५०च्या सुमारास बोस्टनमध्ये सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लॉन यांनी अशा रुग्णांना लवकरच उठवून खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा हे रुग्णांच्या जिवाशी खेळताहेत असं त्यांच्या सहकाऱ्यांनाच वाटलं. पण खुर्चीत बसलेली माणसं अधिक बरी राहिली. पडून राहिल्यानं पायांत रक्ताच्या गाठी होऊन त्या फुप्फुसात जात आणि माणसं दगावत, हे हळूहळू सर्वांच्या ध्यानात आलं. त्या अंथरुणामागे कुणाचा निष्काळजीपणा नव्हता. सगळी काळजीच होती. ती कुणी तपासून पाहिली नव्हती, इतकंच.

पार्किन्सन्समध्ये तर ही अतिकाळजी आजाराच्या मर्मावरच बोट ठेवते. निरोगी माणूस चालतो, बटण लावतो, सही करतो ते विचार न करता. या आजारात नेमकी ही आपोआप होणारी हालचाल बिघडते. लक्ष देऊन केलेली हालचाल मात्र बराच काळ टिकते. म्हणून जमिनीवर आडव्या पट्ट्या आखल्या की अडखळणारा माणूस त्या ओलांडत सरळ चालू लागतो, तालावर पावलं मोजली की लय सापडते. या लक्ष देण्याला वेळ लागतो, आणि घरचे नेमका तोच काढून घेतात. ‘चला, उशीर होतोय’ म्हटलं की मनावर ताण येतो, ताणानं कंप वाढतो, कंप पाहून आपण आणखी पुढे सरसावतो. चालताना दंडाला धरून ‘पाऊल उचला, सावकाश, खाली बघा’ असं बोलत राहणारा मुलगा वडिलांना मदत करतोय असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात तो त्यांना एकाच वेळी चालायला आणि ऐकायला लावत असतो, आणि एकाच वेळी दोन कामं करणं हीच तर या आजारातली मोठी अडचण. व्यायामानं आजाराची चाल थांबते असं अजून सिद्ध झालेलं नाही, पण तोल, ताकद आणि चाल सुधारते याबद्दल डॉक्टरांत फारसं दुमत नाही. मग बसून राहायला लावणाऱ्या घराला सुरक्षित कसं म्हणायचं?

आता यावरचे आक्षेप. त्यातला सर्वांत वजनदार आक्षेप पडण्याचा आहे, आणि तो मी हलका मानत नाही. उतारवयात खुब्याचं हाड मोडलं तर माणसाचं स्वातंत्र्य एका दिवसात संपू शकतं. वास येत नसलेल्या माणसाला गॅस सुटल्याचं कळत नाही. उठून उभं राहताना रक्तदाब खाली येऊन भोवळ येते. या गोष्टींवर उपाय करायचेच असतात: पकडायला दांडे, रात्री उजेड, पायात अडकणाऱ्या चटया बाजूला, गॅस सुटला तर वाजणारं यंत्र. पण हे सगळे उपाय घरात करायचे आहेत, माणसाच्या इच्छेवर नाही. दांडा बसवणं वेगळं आणि ‘तुम्ही एकटे बाहेर जायचं नाही’ असं फर्मान काढणं वेगळं. शिवाय पार्किन्सन्सच्या अगदी सुरुवातीच्या काळात वारंवार पडणं हे नेहमीचं लक्षण नव्हे. तसं होत असेल तर त्यामागे मिळताजुळता पण वेगळा आजार असू शकतो, आणि ते न्यूरॉलॉजिस्टला तातडीनं सांगायला हवं. म्हणजे पहिल्याच वर्षात दोनतीनदा पडलेल्या माणसाला घरात कोंडून आपण त्याला वाचवत नसतो. कदाचित निदान चुकलंय याची खूण झाकत असतो.

दुसरा आक्षेप असा, की रुग्ण स्वतःच्या स्थितीबद्दल नेहमी खरं बोलत नाही. हेही खरं आहे. बाबा पडल्याचं एकदा त्यांनी माझ्यापासून चार दिवस लपवलं होतं. त्याहून अवघड गोष्ट औषधांची. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गटातल्या गोळ्यांनी काही रुग्णांना जुगाराचा, खरेदीचा, लैंगिक वर्तनाचा अनावर सोस लागतो. त्या माणसाला त्यात वावगं काही दिसत नाही, घरच्यांना दिसतं. अशा वेळी गप्प बसणं म्हणजे त्याच्या निर्णयाचा आदर करणं नव्हे, कारण तो निर्णय काही अंशी गोळीचा असतो. गोळी मनानं बंद न करता डॉक्टरांना सांगावं लागतं, थेट आणि लवकर. पण एखाद्या बाबतीत बारीक लक्ष ठेवावं लागतं म्हणून सगळीच सूत्रं हातात घ्यायची, हे अनुमान निघतं कुठून? एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी या आजाराला पार्किन्सनचं नाव दिलं. लांबच्या गाडीप्रवासानंतर आपल्याला बरं वाटतं, असं त्यांना काही रुग्ण सांगत. शार्को यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. तसे हादरे देणारी खुर्ची बनवून घेतली. शंभराहून अधिक वर्षांनी तशा खुर्चीची रीतसर चाचणी झाली, तेव्हा हादऱ्यांचा वेगळा असा फायदा दिसला नाही. मला या हकिगतीत दोन्ही गोष्टी मोलाच्या वाटतात, रुग्णाचं ऐकून घेणं आणि ऐकलेलं तपासणं. बाबा ‘मी ठीक आहे’ म्हणतात तेव्हा मी ते ऐकतो, आणि पडल्याची नोंद दोघांनी मिळून ठेवायची असं आम्ही ठरवलं आहे.

कुणी म्हणेल, वैद्यकीय निर्णयांत तरी रुग्णाला काय कळतं? उलट तिथेच त्याच्या शब्दाची सर्वांत जास्त गरज असते. लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरच्या मुख्य औषधाचंच पाहा. १९६७ साली अमेरिकेतले डॉक्टर जॉर्ज कोत्झियास यांनी डोस हळूहळू वाढवत नेऊन हे औषध उपयोगी करून दाखवलं आणि जखडलेली माणसं हिंडूफिरू लागली. तरी ‘आत्ताच सुरू केलं तर पुढे त्याचा असर संपेल, राखून ठेवा’ हा सल्ला आजही नातेवाईक मोठ्या अधिकारानं देतात. २०१९ साली नेदरलँड्समधल्या ४४५ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्यांना लगेच गोळ्या दिल्या, निम्म्यांना ४० आठवड्यांनी. ८० आठवड्यांच्या अखेरीस दोन्ही गटांच्या आजारात म्हणण्यासारखा फरक नव्हता. लवकर सुरू केल्यानं आजार रोखला गेला नाही आणि बळावलाही नाही. याचा अर्थ काय होतो? गोळी कधी सुरू करायची हे ठरवताना कॅलेंडरपेक्षा महत्त्वाचं काय, तर या माणसाचं रोजचं कोणतं काम अडतंय आणि त्याला ते किती हवंय. तबला वाजवणाऱ्याला बोटं हवी असतील, शिकवणाऱ्याला आवाज, माझ्या बाबांना अक्षर. हे त्यांच्याखेरीज कोण सांगणार?

तरीही विचारलं जातं ते मला. तपासणीच्या खोलीत बाबा समोर बसलेले असताना प्रश्न माझ्याकडे बघून येतो: ‘यांना झोप कशी लागते?’ एका बँकेत बाबांची सही जुळेना. या आजारात अक्षर बारीक होत जातं, सहीही आक्रसते. ते तर आजाराचं ओळखीचं लक्षण. काउंटरवरच्या माणसानं कागद माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, ‘यांना समजतं ना सगळं?’ बाबा तिथेच उभे होते. त्यांचा चेहरा हलला नाही, कारण चेहऱ्याचे स्नायू मंदावणं हाही याच आजाराचा भाग. पाहणाऱ्याला वाटतं, माणूस रागावलाय, हरवलाय किंवा त्याला काही पोचत नाही. आवाज खाली गेलेला असतो, उत्तर यायला दोन क्षण उशीर होतो, आणि ते दोन क्षण धीर धरायच्या आत शेजारचा माणूस उत्तर देऊन मोकळा होतो. घरी आल्यावर बाबा म्हणाले, ‘मला ऐकू येत होतं.’ त्या दिवसानंतर मी डॉक्टरांकडे गेलो की खुर्ची जरा मागे घेऊन बसतो. प्रश्न माझ्याकडे आला की बाबांकडे पाहतो. उत्तर येतं. उशिरा येतं, पण येतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. धीर धरा, वेळ द्या, हे लिहिणं सोपं आहे. तो वेळ येणार कुठून आणि कुणाच्या वाट्याचा? शुश्रूषा बहुतेक घरांत बाईच्या गळ्यात पडते, बायकोच्या, लेकीच्या, सुनेच्या. सकाळी कामावर पोचायचं असताना बटणांसाठी पाच मिनिटं थांबायचं, हा तिच्यावरच आणखी एक भार होणार असेल तर माझा सारा युक्तिवाद पुरुषी फुरसतीतून आलेला ठरेल. या टीकेला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे. आजार आपल्या वेळेनं चालतो, पण आपलं वेळापत्रक बरंच हलवता येतं. अंघोळ-कपडे गोळीचा असर सुरू झाल्यावर, बाहेरची कामं चांगल्या तासांत, गोळ्यांच्या वेळा गजर लावून काटेकोर. घाई टळते ती अशानं, कुणाच्या सोशिकपणानं नव्हे. आणि दुसऱ्याकडून करून घेतलेलं काम आज वेळ वाचवतं, पण पुढे तेच काम रोज, कायमचं आपल्या अंगावर येतं. जी बाई आज बटणं लावते तिलाच दोन वर्षांनी सगळे कपडे घालावे लागतात. पगारी मदत घ्यायला माझा अजिबात विरोध नाही. फक्त ती बाबांना काय जड जातंय हे त्यांनाच विचारून घ्यावी. आमच्याकडे त्यांना मदत हवी होती ती बटणांसाठी नाहीच. रात्री कुशीवर वळता येत नव्हतं, आणि ते सांगायची त्यांना लाज वाटत होती.

शेवटचा मुद्दा काळाचा. १८१७ साली लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर निबंध लिहिला. त्यात सहा रुग्णांची वर्णनं आहेत, पैकी दोघे त्यांना वाटेत भेटले होते आणि एकाला त्यांनी फक्त दुरून पाहिलं होतं. हेच पार्किन्सन १७९०च्या दशकात ‘ओल्ड ह्यूबर्ट’ या टोपणनावानं पत्रकं लिहून सामान्य माणसाला संसदेत प्रतिनिधित्व मिळावं म्हणून झगडत होते. निबंधात त्यांनी नोंदवलं, की या आजारात बुद्धीला धक्का लागत नाही. ते पूर्ण बरोबर नव्हतं. आजार जुना होत जातो तसा पुष्कळ रुग्णांचा विचार मंदावतो, काहींना स्मृतिभ्रंश होतो. माझ्या मताविरुद्ध हेच पुढे केलं जातं: उद्या त्यांना ठरवता येणार नाही, मग आजपासूनच आपण ठरवलेलं काय वाईट? मला हा तर्क उलटा वाटतो. उद्या विचारता येणार नसेल तर आजच विचारायला हवं. पैशाचे अधिकार कुणाला, मेंदूत तार बसवायची शस्त्रक्रिया सुचवली गेली तर काय, गिळता येईनासं झालं तर नळी घालायची का, गाडी चालवणं कधी थांबवायचं. सुरुवातीची वर्षं याच संभाषणासाठी मिळालेली असतात, आणि आपण ती ‘आत्ताच कशाला अशुभ बोलायचं’ म्हणत घालवतो.

आमच्याकडे हे संभाषण चार रविवार चाललं. बाबांनी रेघांची वही मागवली, कारण रेघा असल्या की अक्षर मोठं राहतं, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. गाडीबद्दल त्यांनी लिहिलं, की दर सहा महिन्यांनी तपासणी करून घेईन आणि डॉक्टर नको म्हणतील त्या दिवशी किल्ली देईन. पैशांबद्दल लिहिलं, ते माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळं होतं आणि मला थोडं लागलंही. तसंच राहू दिलं. शस्त्रक्रियेपुढे प्रश्नचिन्ह. सर्वांत शेवटी ‘पुढे कुठे राहायचं’ असं शीर्षक लिहून खालच्या पाच रेघा मोकळ्या सोडल्या. मी तिथे काही सुचवायला तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी वही जराशी स्वतःकडे ओढून घेतली. त्या रेघा अजून रिकाम्या आहेत. वही त्यांच्या उशाशी असते.